फोसेनच्या डोंगरावरील दावा

चाळीस वर्षे जिल्ह्याच्या कोर्टात वकिली केली की माणसाच्या बुद्धीला एक खोड लागते. कोणी आपले दुःख सांगू लागले की ऐकता ऐकताच मन त्याचा आकडा मांडू लागते. माझ्याकडे बहुतेक दावे भूसंपादनाचे असत. सरकारने जमीन घेतलेली असे, अधिकाऱ्याने निवाडा दिलेला असे, आणि १८९४ च्या कायद्यातील १८ व्या कलमाखाली वाढीव मोबदला मागण्यासाठी माणसे माझ्या ओटीवर येऊन बसत. त्यांना विचारायचे माझे प्रश्न दोनच : किती मिळाले आणि किती हवेत? तिसऱ्या प्रश्नाला कायद्यात जागा नव्हती. म्हणून मीही तो कधी विचारला नाही.

एका म्हाताऱ्या धनगराचा माळ असाच कालव्यासाठी गेला होता. एकरी भाव बराच वाढवून घेण्यात मला यश आले. तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, नको म्हणत असता पाया पडला. पुढल्या दिवाळीत बाजारात गाठ पडली तेव्हा मी सहज विचारले, "काय आबा, मेंढरं कशी आहेत?"

"इकली, वकीलसाहेब," तो म्हणाला. "चारायची कुठं?"

एवढे बोलून तो मुलाच्या नव्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेला. माझ्या वहीत तो दावा जिंकलेल्या दाव्यांत लिहिलेला आहे, आणि आजही तो तिथेच आहे.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या अंकात ही कोर्टकचेरी कशाला? पण मला जी हकिगत सांगायची आहे ती आपल्यापासून फार दूरच्या, नॉर्वे देशातील एका दाव्याची आहे. तिथल्या मूठभर पशुपालकांनी एका प्रचंड पवनऊर्जा प्रकल्पाविरुद्ध न्याय मागितला, आणि तो मागता मागता मी जन्मभर न विचारलेला तिसरा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला विचारायला लावला.

माझी भाची ट्रॉन्डहाइम या शहरात इंजिनिअर आहे. निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी तिच्याकडे महिनाभर राहून आलो. शहराच्या समोर समुद्राचा एक लांबरुंद फाटा आत शिरलेला आहे. तिकडे त्याला फ्योर्ड म्हणतात. त्याच्या पलीकडच्या तीरावर जी डोंगराळ भूमी दिसते तिचे नाव फोसेन. एके दिवशी भाचीने मोटार नावेत घातली आणि आम्हांला पलीकडे नेले. उघडे, बोडके डोंगर, मधून मधून तळी, आणि माथ्यावर ओळीने उभ्या असलेल्या पांढऱ्या पवनचक्क्या. त्यांच्या पात्यांच्या घेराचा व्यास ११७ मीटर आहे, असे भाचीने सांगितले. दृश्य सुंदर होते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. धूर नाही, राख नाही, कोळशाचा कण नाही. मी तसे म्हणालोही. भाची क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही वकील ना? मग या चक्क्यांचे परवाने बेकायदा आहेत, हे तुम्हांला सांगायला हवं."

बेकायदा परवान्यावर दिवसाढवळ्या फिरणाऱ्या चक्क्या! माझे कुतूहल चाळवले. पुढचे पंधरा दिवस मी त्या दाव्याची कागदपत्रे वाचण्यात घालवले. नॉर्वेजियन मला येत नाही. भाची रात्री जेवणानंतर अर्थ सांगे आणि मी टिपून घेई.

फोसेनच्या डोंगरांवर सामी लोक रेनडियर पाळतात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांच्या उत्तर भागात राहणारी ही मूळची जमात. त्यांची भाषा नॉर्वेजियनहून अगदी निराळी. फोसेनकडील सामींची दक्षिणी बोली तर आता काही शेकडा माणसांच्याच तोंडी उरली आहे. सगळेच सामी काही पशुपालक नव्हेत. पण ज्या थोड्या घरांत हा व्यवसाय टिकला त्या घरांत भाषाही टिकली. कळपाच्या वाटा, बर्फाचे प्रकार, जनावराचे वय, रंग, शिंगांचा आकार यांना जे शब्द आहेत ते कळपाबरोबरच जगतात. आपले धनगर जसे पावसाच्या मागेपुढे कोकण आणि देश करतात, तसे हे लोक ऋतूप्रमाणे कळपासह कुरणे बदलतात.

हिवाळा हा त्यांचा कसोटीचा काळ. त्या दिवसांत रेनडियर मुख्यतः एका प्रकारच्या शेवाळवजा वनस्पतीवर जगते. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते त्याच्याच जातकुळीतली ती. बर्फ उकरून जनावर ती खाते. पण बर्फ फार खोल असेल, किंवा मध्येच पाऊस पडून वर बर्फाची टणक खपली धरली असेल, तर खाली अन्न असूनही जनावर उपाशी मरते. म्हणून हिवाळ्याच्या उत्तरार्धात कळप हवेत ते उघड्या माथ्यांवर. तिथे समुद्रावरून येणारा वारा बर्फ उडवून लावतो आणि दगडफूल उघडे पडते.

या हकिगतीची सारी मेख इथे आहे. ज्या वाऱ्याने ते माथे जनावरांना चरण्याजोगे ठेवले, त्याच वाऱ्याने ते पवनचक्क्यांनाही योग्य ठरवले. दोघांनाही तीच जागा हवी होती आणि त्याच कारणासाठी हवी होती.

सामींचे गाऱ्हाणे मात्र पवनचक्कीपेक्षा जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नॉर्वेच्या सरकारने सामींना नॉर्वेजियन करून टाकण्याचे धोरण धरले. शाळांतून त्यांची भाषा हद्दपार झाली. १९०२ च्या कायद्याने तर उत्तरेच्या फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यायला नॉर्वेजियन बोलता, वाचता नि लिहिता येण्याची अट घातली. याच ट्रॉन्डहाइममध्ये ६ फेब्रुवारी १९१७ रोजी सामींची पहिली मोठी परिषद भरली. ती भरवण्यात पुढाकार होता एल्सा लाउला रेनबर्ग या दक्षिणी सामी बाईचा. रेनडियर पाळणाऱ्या घरात १८७७ साली जन्मलेली ही बाई सुईणीचे शिक्षण घेतलेली होती. १९०४ मध्ये तिने आपल्या लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर एक पुस्तिका छापली होती. परिषदेला शंभरावर माणसे आली. जागा मिळाली ती मेथॉडिस्ट पंथाच्या एका चर्चमध्ये. तो ६ फेब्रुवारी आज सर्व सामींचा राष्ट्रीय दिन आहे.

त्यानंतरचा मोठा प्रसंग आल्ता नदीवरील धरणाचा. फिनमार्कमधल्या या नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याचे ठरले. मूळ योजनेत मासी नावाचे सामी गावच पाण्याखाली जायचे होते. विरोधामुळे योजना लहान केली गेली, पण १९७८ मध्ये संसदेने तिला मंजुरी दिली. १९७९ च्या ऑक्टोबरात काही सामी तरुणांनी ओस्लो येथे संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले. जानेवारी १९८१ मध्ये सुमारे ६०० पोलिसांनी, स्वतःला साखळ्यांनी जखडून बसलेल्या सत्याग्रहींना कडाक्याच्या थंडीत तेथून हलवले. पुढच्याच महिन्यात १४ सामी स्त्रिया पंतप्रधानांच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : धरण कायदेशीर आहे. सामी हरले. १९८७ मध्ये धरण पुरे झाले.

परंतु इतिहासाची मौज अशी की, त्या पराभवातूनच त्यांना पुढचे सारे मिळाले. ओस्लोच्या रस्त्यावरचे ते उपोषण पाहून देशाला प्रथमच लाज वाटली. १९८७ मध्ये सामी कायदा झाला. १९८८ मध्ये सामींची भाषा, संस्कृती आणि समाजजीवन यांना जपण्याची जबाबदारी राज्यघटनेत लिहिली गेली. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी राजे पाचवे ओलाव यांनी सामींच्या निवडून दिलेल्या संसदेचे उद्घाटन केले. १९९० मध्ये मूळच्या जमातींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारे जगातले पहिले राष्ट्र नॉर्वे ठरले. १९९७ मध्ये राजे पाचवे हाराल्द यांनी झाल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. दावा हरून एवढे पदरात पडल्याचे उदाहरण माझ्या तरी वकिलीत नाही.

आता फोसेनकडे वळू. तेथील परिसरात मिळून सहा पवनऊर्जा प्रकल्प योजले गेले. एकंदर २७८ चक्क्या आणि सुमारे १,०५७ मेगावॅट शक्ती. युरोपातील जमिनीवरचा सर्वांत मोठा पवनप्रकल्प म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्यांपैकी दोन प्रकल्प, स्टोरहाइया आणि रोआन, नेमके सामींच्या हिवाळी कुरणांवर येत होते. स्टोरहाइयावर ८० चक्क्या, रोआनवर ७१. परवाने २०१० मध्ये दिले गेले. त्यांविरुद्धच्या तक्रारी मंत्रालयाने २०१३ मध्ये फेटाळल्या. २०१६ मध्ये काम सुरू झाले.

दाव्याचे मूळ स्वरूप माझ्या ओळखीचे निघाले, अगदी घरच्यासारखे! कंपनीला जमिनीचा वापर सक्तीने मिळालेला होता. कोर्टाने फक्त नुकसानभरपाई ठरवायची होती. आणि ती ठरण्यापूर्वीच जागेचा ताबा घेऊन बांधकाम करण्याची मुभाही कंपनीला होती. रेनडियर पाळणाऱ्यांचे दोन गट, एक उत्तर फोसेनचा आणि एक दक्षिण फोसेनचा, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरे. त्यांनी सांगितले की भरपाईचा प्रश्न नंतरचा. मुळात परवानाच अवैध आहे. खालच्या कोर्टाने ते मानले नाही आणि भरपाई ठरवली. दक्षिणेचा गट संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद-निर्मूलन समितीकडे गेला. डिसेंबर २०१८ मध्ये समितीने नॉर्वेला स्टोरहाइयाचे काम थांबवण्याची विनंती केली. सरकारने काम थांबवले नाही. २०२० पर्यंत दोन्ही माथ्यांवर चक्क्या फिरू लागल्या.

जून २०२० मध्ये अपिलाचा निकाल लागला. कोर्टाने वस्तुस्थिती सामींच्या बाजूने मान्य केली. पाती फिरत असता जनावरे त्या भागाकडे वळत नाहीत. ही हिवाळी कुरणे व्यवहारतः गेली. काही उपाय न केल्यास कळप मोठ्या प्रमाणात कमी करावे लागतील आणि धंदाच धोक्यात येईल. पण उपाय आहे, असे कोर्ट म्हणाले. हिवाळ्यात रेनडियर कुंपणात कोंडून विकतचा चारा घालावा. त्यासाठी कंपनीने जवळजवळ ९ कोटी क्रोन द्यावेत.

हा निकाल वाचताना खरे सांगतो, मी भाचीला म्हणालो, "चांगला निकाल आहे की! घसघशीत रक्कम आहे. मी असतो तर आनंदाने घरी गेलो असतो." माझ्या बोलण्यावर पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते आबाही आनंदानेच घरी गेले होते." एवढी वर्षे लोटली तरी तिला तो धनगर आठवत होता. मी मान खाली घालून पुढले पान काढले.

ते सामी आनंदाने घरी गेले नाहीत. दोन्ही बाजूंनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कंपनीला रक्कम फार वाटत होती. सामींना रक्कम हे उत्तरच वाटत नव्हते. शासनही कंपनीच्या बाजूने उभे राहिले. एवढा मोठा प्रश्न म्हणून ११ न्यायाधीशांच्या पीठाने तो ऐकला आणि ११ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमताने निकाल दिला.

निकालाचा आधार होता १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे २७ वे कलम. अल्पसंख्य समाजाच्या माणसांना आपल्या लोकांसह आपली संस्कृती जगण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय. रेनडियर पाळणे हा नुसता धंदा नाही, ती संस्कृतीची एक रीत आहे, हे न्यायालयाने मानले. मग कुंपणातला चारा? न्यायालय म्हणाले, जनावरांना कोंडून विकतचे खाऊ घालणे ही त्यांची पिढीजात फिरस्ती रीत नव्हे. शिवाय ते साधेल की नाही हेही अनिश्चित आहे. म्हणून हक्क अबाधित राहिला असे ठरवताना त्या उपायाचा आधार घेता येत नाही. आणि बहुसंख्यांचा लाभ मोठा आहे म्हणून अल्पसंख्यांचा हा हक्क तराजूत घालून हलका ठरवता येणार नाही. स्वच्छ विजेची गरज न्यायालयाने नाकारली नाही. परंतु तीच वीज सामींना कमी इजा करणाऱ्या दुसऱ्या जागी निर्माण करता आली असती, असे त्याचे म्हणणे पडले. दोन्ही परवाने अवैध ठरले.

मी ते पान पुन्हा वाचायला सांगितले. माझा तिसरा प्रश्न तिथे होता. किती मिळाले, किती हवेत, हे दोन आकड्यांचे प्रश्न, आणि तिसरा असा की, "त्या पैशाने तुम्ही जे होता तेच राहू शकाल का?" ज्या कायद्यात हा प्रश्न विचारता येतो, त्यात भरपाईचा आकडा हा शेवटचा शब्द नसतो. ज्यात विचारता येत नाही, तिथे माझ्यासारखे वकील दावे जिंकतात आणि मेंढरे विकली जातात.

पण गोष्ट इथे संपत नाही. परवाना अवैध, एवढेच न्यायालयाने सांगितले. १५१ चक्क्यांचे काय करायचे, हे सांगितले नाही. आणि सरकारने काहीच केले नाही. चक्क्या फिरत राहिल्या, वीज विकली जात राहिली. निकालाला ५०० दिवस झाले त्या दिवशी, २३ फेब्रुवारी २०२३ रोजी, सामी तरुण-तरुणी आपल्या पारंपरिक पोशाखात ओस्लोच्या ऊर्जा मंत्रालयात शिरल्या आणि तिथल्या फरशीवर बसून राहिल्या. तीन-चार दिवसांनी पहाटेपूर्वी पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढले. तेव्हा त्या दुसऱ्या मंत्रालयांच्या दारांत जाऊन बसल्या. हवामानासाठी शाळा सोडून बसणारी स्वीडनची ग्रेटा थुनबर्गही त्यांच्यात येऊन बसली. पवनचक्कीविरुद्धच्या धरण्यात तिला पाहून पुष्कळांना कोडे पडले. पण त्यात विसंगती नाही. हवा तापल्यामुळे हिवाळ्यात पाऊस पडून दगडफुलावर बर्फाची खपली धरते, आणि तिचा पहिला फटका या लोकांनाच बसतो. कोळशाचे पाप त्यांनी केलेले नाही. त्याच्या प्रायश्चित्तासाठी मात्र त्यांचीच कुरणे घेतली गेली. २ मार्चला ऊर्जामंत्री तेर्ये ओसलान यांनी फोसेनच्या पशुपालकांची क्षमा मागितली, आणि मानवी हक्कांचा भंग अजून चालू असल्याची कबुली सरकारने दिली.

अखेर तडजोड झाली. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेच्या गटाशी आणि मार्च २०२४ मध्ये उत्तरेच्या गटाशी. चक्क्या राहायच्या. मोबदल्यात प्रत्येक गटाला वर्षाला सुमारे ७० लाख क्रोन आणि हिवाळ्यासाठी दुसरीकडे नवे कुरण. दक्षिणेच्या गटाला आणखी एक गोष्ट मिळाली : परवान्याची मुदत संपल्यावर ती वाढवायची की नाही, यात त्यांचा नकार चालेल. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेनेही जुन्या धोरणाबद्दल सामींची क्षमा मागितली.

म्हणजे पाहा : आल्ताच्या दाव्यात ते हरले, धरण झाले, आणि त्यांना संसद मिळाली. फोसेनच्या दाव्यात ते जिंकले, आणि चक्क्या जिथल्या तिथे आहेत. न्यायालयाचा निकाल आणि जगातला निकाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे काही मला नवे नाही. तरीही या दोन दाव्यांत मला मोठा फरक दिसतो. आल्ताच्या वेळी सामींनी आपण आहोत हे देशाला दाखवून दिले. फोसेनच्या वेळी आपण काय गमावतो आहोत याचा अर्थ त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितला आणि तो कायद्याला मान्य करावा लागला. तडजोडीच्या मेजावर ते अर्जदार म्हणून बसले नाहीत. हक्क सिद्ध झालेले वादी म्हणून बसले. म्हणूनच तडजोडीत नुसते पैसे नाहीत, कुरण आहे. जनावरे विकून घेतलेले पैसे नव्हेत, तर जनावरांना उभे राहायला जागा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी भाचीला विचारले, "तू इंजिनिअर. तुला या चक्क्या हव्यात की नकोत?"

"हव्यात, मामा," ती म्हणाली. "वारा पुष्कळ आहे, डोंगर पुष्कळ आहेत. आधी विचारायला हवं होतं, इतकंच."

आधी विचारायला हवे होते. २७८ चक्क्यांच्या हिशेबात एवढी एक बाब राहून गेली, आणि तिच्यापायी ११ न्यायाधीशांना बसावे लागले.

घरी परतल्यावर मी जुनी वही काढली. त्या धनगराच्या दाव्यापुढे 'जिंकला' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. ते खोडावे असे मनात आले. पण खोडले नाही. कागदावर ते खरेच आहे. तो म्हातारा आता हयात नाही. त्याचा नातू तालुक्याला नोकरी करतो, दिवाळीला फराळाचा डबा पाठवतो आणि आजोबांचे काम मी फुकट केले याची आठवण आवर्जून काढतो. या खेपेस तो आला म्हणजे मी त्याला एक विचारणार आहे : कळपाला हाक मारताना आजोबा जे शब्द वापरत, त्यांतले त्याला किती आठवतात?